कापलेलं गाणं

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर संगीत नाटक आहे आणि त्याचा सिनेमाही निघालाय, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. विचार करा ना, १९०७चं सुरतेचं अधिवेशन, जहाल आणि मवाळ एकमेकांच्या अंगावर धावतायत, व्यासपीठावर जोडा येऊन पडतोय आणि तेवढ्यात ऑर्गनवाला सूर देतो नि टिळक पद सुरू करतात!

पण असं नाटक खरंच आहे. नाव '१७७६'. मार्च १९६९मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, १२१७ प्रयोग झाले आणि त्या काळात गाजत असलेल्या 'हेअर'ला मागे टाकून त्याने टोनी पारितोषिक मिळवलं. गाणी शर्मन एडवर्ड्सची, संहिता पीटर स्टोनची. हा एडवर्ड्स गाणी रचणारा, पण काही काळ इतिहासाचा मास्तर होता. मास्तरच असं काहीतरी डोक्यात घेऊ शकतो.

मी ते पाहिलं २००३ साली. कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत होतो. शनिवार-रविवार खायला उठायचे म्हणून गावातल्या पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचो. तिथे ही डीव्हीडी दिसली. ऑफिसात बोलता बोलता तिचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क सहकारी म्हणाले, "बघच. आम्ही थिएटरात पाहिला तेव्हा त्यातलं एक गाणं कापलं होतं. आता परत आलंय." गाणं कापलं होतं म्हणजे काय, आणि परत आलं म्हणजे कुठून आलं, असं मला वाटलं, पण तेव्हा विचारलं नाही.

सिनेमा आवडला का? खरं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बंद करायचं मनात आलं. फिलाडेल्फियाचा उन्हाळा, बंद खिडक्या, माश्या, घामेजलेले विग आणि कुणालाच न आवडणारा, अखंड बोलणारा जॉन अ‍ॅडम्स. फ्रँकलिनचा पाय गाउटने दुखतोय, तेहेतीस वर्षांच्या जेफरसनला लिखाणापेक्षा घरी बायकोकडे जायची घाई. मध्ये एक प्रवेश तर अर्धा तास चालतो आणि त्यात एकही गाणं नाही, नुसती सभा. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी! पण सभा संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलोय. निकाल पाठ असलेल्या मतदानाची धाकधूक वाटावी, ही काही साधी गोष्ट नाही.

या सिनेमावरून अमेरिकेत पहिल्यापासून दोन तट आहेत. १९७२च्या नोव्हेंबरात तो आला तेव्हा रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाला तो मुळीच पटला नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅन्बींनी गाण्यांना नावं ठेवली, पण सिनेमाची बाजू घेतली. आजही कुणी दर ४ जुलैला तो नेमाने बघतं, तर कुणाला थोरामोठ्यांनी असं नाचणं-गाणं हा पोरखेळ वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकांची तक्रार निराळी. ती पुढे येईलच.

आता ते गाणं. नाटकात एक प्रवेश आहे. स्वातंत्र्याच्या बाजूची मंडळी बाहेर गेलेली असतात आणि सभागृहात उरतात ती सगळी सधन, जमीनजुमला राखून असलेली, राजाशी कशाला वाकडं घ्या म्हणणारी माणसं. त्यांचा म्होरक्या पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन. ही मंडळी मिन्युएट नाचतात. अगदी मोजून मापून पावलं टाकतात, आणि पावलं जायची ती उजवीकडेच, डावीकडे म्हणून नाही. हातात सत्ता नि खिशात पैसा असलेल्यांचं ते मंद, घरंदाज नाचणं बघताना हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते.

ही थट्टा रिचर्ड निक्सन यांना झोंबली. २२ फेब्रुवारी १९७० रोजी व्हाइट हाउसमध्ये या नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हाच काही गाणी गाळा अशी सूचना त्यांच्याकडच्या लोकांनी केली होती. नाटकवाल्यांनी मानली नाही. प्रयोग अख्खा झाला. नंतर सिनेमा काढला जॅक वॉर्नर यांनी. वॉर्नर ब्रदर्समधले तेच, तेव्हा ऐंशी वर्षांचे आणि निक्सन यांचे स्नेही. प्रदर्शनाआधी निक्सन यांनी सिनेमा पाहिला, हे गाणं नको म्हणाले, आणि वॉर्नर यांनी ते कापलं. दिग्दर्शक पीटर हंट यांनी पुढे ही हकिकत सांगितली आणि २००१मध्ये लॉस अँजेलिस टाइम्सने ती छापली. थिएटरात गेलेला सिनेमा सुमारे १४१ मिनिटांचा होता. या गाण्याबरोबर आणखीही बरंच काही उडालं होतं.

वॉर्नर तेवढ्यावर थांबले नाहीत. कापलेल्या भागाची निगेटिव्ह नष्ट करा, असा त्यांचा हुकूम होता. पुन्हा कधी कुणी जोडायलाच नको.

आणि संकलकांनी ती नष्ट केली नाही. गुपचूप तशीच ठेवून दिली.

एवढीच गोष्ट. मोर्चा नाही, राजीनामा नाही. मालक कापा म्हणाला, कापलं. फेका म्हणाला, फेकलं नाही. १९९०च्या दशकात लेझरडिस्कवर ते गाणं पहिल्यांदा परत आलं. मग २००२मध्ये हंट यांच्या पसंतीची सुमारे १६५ मिनिटांची प्रत डीव्हीडीवर निघाली. मी लायब्ररीतून आणली होती ती हीच. रात्री जागून मी इंटरनेटवर ही सगळी हकिकत वाचून काढली. वा, काय माणसं असतात, असं म्हणालो आणि झोपलो.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. सांगावीशी वाटत नाही, पण तिच्याशिवाय हे पुढचं सगळं पोपटपंची होईल.

१९९०च्या गणेशोत्सवात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत 'संगीत सौभद्र'चे निवडक प्रवेश झाले होते. किर्लोस्करांचं नाटक तेव्हाच शंभरीच्या पुढे गेलेलं आणि आमचे नट चाळिशीच्या. माझे वडील अर्जुन. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, नारद. वडिलांचा आवाज बेताचा, पण काका गायचा. म्हणजे खरोखरच गायचा. त्याचं पद झालं की मागे खुर्च्यांवर बसलेली गुजराती बिऱ्हाडंसुद्धा वन्समोअर देत. कुणीतरी व्हिडिओ शूटिंगवाला बोलावला होता. १८० मिनिटांची व्हीएचएस कॅसेट आमच्या घरी आली आणि टीव्हीखालच्या कप्प्यात राहिली.

पुढे गावच्या घरावरून दोघा भावांचं फाटलं. ते सगळं इथे सांगत नाही. प्रत्येक घरात असतं. बोलणं बंद झालं, येणं-जाणं बंद झालं.

मी २००५मध्ये त्या कॅसेटची डीव्हीडी करायला घेतली. कॅसेटवर पांढरी बुरशी आली होती. दर दहा मिनिटांनी व्हीसीआरचं हेड पुसावं लागे, चित्र फाटे, आवाज लडखडे. चार रविवार गेले. कॉम्प्युटरवर सगळं उतरवून घेतल्यावर वडिलांना दाखवायला बसवलं. पहिल्याच प्रवेशात नारद आला, गायला लागला. वडील एक मिनिट बघत राहिले आणि उठून म्हणाले, "याचं तेवढं काढून टाक."

मी काढलं. एका दुपारचं काम. अर्जुन-नारदाचा प्रवेश उडवला, नमनाच्या रांगेतला काका उडवला, शेवटचा पडदा उडवला. त्यामुळे आमच्या डीव्हीडीत एक अजब प्रकार झालाय. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरल्याची बातमी अर्जुनाला नारद सांगतो. आमच्याकडे नारदच नाही. त्यामुळे बातमी कुणी आणतच नाही आणि माझे वडील मात्र एकदम हवालदिल होतात. पाहुण्यांना गंमत वाटायची. आम्हीही हसायचो.

मग कॉम्प्युटर बदलला, त्यावरची मूळ फाइल गेली. २००८मध्ये घर बदललं. रद्दीवाल्याने कॅसेटी घ्यायला नकार दिला तेव्हा मी एका पिशवीत भरून त्या कचऱ्यात टाकल्या. त्यात तीही होती. मला माहीत होतं ती आहे म्हणून. डीव्हीडी झालीय ना, मग कशाला?

काका २०१८मध्ये गेला. वर्षभराने त्याच्या मुलीचा, माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि म्हणाली, "दादा, बाबांचा गातानाचा आवाज कुठेच नाहीये रे आमच्याकडे. ते गणपतीतलं सौभद्र होतं ना तुमच्याकडे?"

'१७७६'ची आठवण मला त्या क्षणी झाली, असं लिहिलं तर छान दिसेल. पण तसं काही झालं नाही. त्या क्षणी फक्त पोटात गोळा आला. सिनेमाची आठवण झाली ती रात्री. आणि मग हिशेब मांडला तेव्हा कळलं की कापलेलं गाणं कुणीतरी जपून ठेवल्याची गोष्ट वाचून मी भारावलो होतो २००३मध्ये, आणि काकाला कापलं २००५मध्ये. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही.

वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी डीव्हीडीतून काढ म्हणालो होतो. कॅसेट फेक म्हणालो नव्हतो."

खरं होतं. तिकडे मालकाने फेका म्हणून सांगितलं आणि संकलकांनी ठेवलं. इकडे कुणीही सांगितलेलं नसताना मी फेकलं.

२०१५मध्ये '१७७६'ची ब्लू-रे निघाली, मूळ निगेटिव्हवरून नव्याने साफसूफ करून. तिच्यावर दिग्दर्शकाची प्रत आणि आणखी थोडी लांबवलेली प्रत अशा दोन्ही होत्या. २०२२मध्ये सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ४के डिस्क आली. ती मी मागवली. सेकंदाला २४ चौकटी, १६५ मिनिटं, म्हणजे सुमारे २ लाख ३७ हजार चौकटी. निगेटिव्ह स्कॅन करायची, ओरखडे नि धूळ काढायची, उडालेले रंग शेजारच्या दृश्यांशी जुळवायचे. ते सगळं अफाट आहे. माझ्या चार रविवारांची त्यापुढे काय कथा! पण ते डिकिन्सन आणि मंडळींचं मिन्युएट टीव्हीवर स्वच्छ, झळझळीत दिसायला लागलं, तेव्हा मला वाटलं की यातली महत्त्वाची मेहनत २०२२ची नव्हेच. यंत्र फक्त आहे ते साफ करतं. जे नाहीच, ते साफ कसं करणार? या सिनेमाचा खरा जीर्णोद्धार १९७२मध्येच झाला होता, कुणीतरी एक काम केलं नाही तेव्हा.

या वेळी बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी आधी दोनदा निसटली होती. हा सिनेमा मुळात कापाकापीवरच आहे. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा परिच्छेद होता. दक्षिणेकडच्या वसाहती अडून बसल्या आणि तो गाळावा लागला. साउथ कॅरोलायनाचा रटलेज तिथे एक गाणं गातो. त्यात तो उत्तरेच्या व्यापाऱ्यांनाही विचारतो की या व्यापारात तुमची जहाजं नाहीत का? ते गाणं ऐकताना आजही बोलती बंद होते. परिच्छेद गेला, स्वातंत्र्य मिळालं, आणि त्या गाळलेल्या परिच्छेदाची किंमत त्या देशाने पुढे शंभर वर्षं नि त्याहून अधिक मोजली. काँग्रेसने मसुद्याचा सुमारे चौथा हिस्सा कापला होता.

आणि खऱ्या जेफरसनने काय केलं? स्वतःचा मूळ मसुदा त्याने ठेवला. त्याच्या प्रती स्वतःच्या हाताने उतरवून मित्रांना पाठवल्या, बघा, मी काय लिहिलं होतं आणि यांनी काय ठेवलं. पुढे आत्मचरित्रातही गाळलेला मजकूर खुणा करून दिला. खाडाखोड केलेला तो कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. स्वतः शेकडो गुलाम बाळगणारा हा माणूस, म्हणून त्या परिच्छेदात किती खरेपणा आणि किती चलाखी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण कागद आहे म्हणून आपण निदान विचारू तरी शकतो.

निक्सन यांच्या बाबतीत तर नियतीने थट्टाच केली. ज्या १९७२ सालात हे गाणं कापलं गेलं, त्याच वर्षी २० जूनला त्यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रित झालेल्या एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटं कोरी निघाली. १९७३मध्ये ते जगजाहीर झालं. त्या टेपवर आणखी बरंच काही होतं, पण लोकांना आजही आठवतात ती न ऐकू येणारी साडेअठरा मिनिटं. कापलेल्या जागेचा आवाज फार मोठा असतो.

आता अभ्यासकांची तक्रार. ते म्हणतात हे गाणं डिकिन्सनवर अन्याय करतं, आणि ते बरोबर आहे. स्वातंत्र्याची घोषणा घाईची आहे असं त्याचं मत होतं, म्हणून २ जुलैच्या मतदानाला तो गैरहजर राहिला. मग लोकसेनेबरोबर गेला. पुढे त्याने स्वतःचे गुलाम मुक्त केले. नुसता पैशाला चिकटलेला, विग घातलेला नाच्या तो नव्हता. म्हणजे परत आलेलं गाणं इतिहास म्हणून लंगडं आहे. मग ते कापलं तेच बरं झालं का? मला तसं वाटत नाही. गाणं चूक आहे असं म्हणायलाही ते समोर असावं लागतं. कापलेल्याशी भांडता येत नाही.

आपल्याकडेही त्याच सुमारास अगदी हेच घडत होतं, हे मला फार उशिरा जाणवलं. '१७७६' थिएटरात आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, १६ डिसेंबर १९७२ला, पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. इथेही इतिहासातली बडी माणसं, इथेही नाच नि गाणं, इथेही माणसांची एक रांग पावलं मोजत डुलतेय, आणि इथेही वाद. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं गेलं. नाना फडणवीसांची बदनामी, म्हणून. ज्यांना ते करायचंच होतं ते बाहेर पडले, थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९७६मध्ये त्यावरून निघालेला सिनेमा आपल्याकडे फारसा कुणी पाहिलाही नाही. तो पुन्हा बघायला मिळाला, कारण बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत त्याची प्रत राहिली होती. पुण्याचं नाटक, मराठी सिनेमा आणि सांभाळला कुणी तर जर्मनांनी! असो. कुणीतरी सांभाळला.

बहिणीला मी खरं काय ते सांगितलं. कॅसेट खराब झाली, बुरशी लागली असं सांगता आलं असतं. अर्धं खरंही होतं. पण सांगितलं की मीच कापलं आणि मीच टाकलं. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. सोसायटीतल्या जुन्या सगळ्यांना फोन केले, कुणाकडे दुसरी प्रत आहे का. शूटिंगवाल्याचं दुकान कधीच बंद झालंय. एकाने शोधतो म्हणून सांगितलं आणि मग लग्नाची कॅसेट पाठवली, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी.

शेवटी ती म्हणाली, "जे आहे ते तरी पाठव." मी आमची कापलेली डीव्हीडी पाठवली. दोन दिवसांनी फोन आला. म्हणाली, "काकांना बातमी सांगणारं कुणी दिसतच नाही रे. पण ते ज्या बाजूला बघतायत ना, तिथे बाबा उभे होते, हो ना?"

हो म्हणालो. डावीकडे, विंगेजवळ, हातात चिपळ्या.

आता माझ्याकडे दोन पेट्या आहेत. मुलांच्या शाळेची स्नेहसंमेलनं, लग्नं, बारशी, नकोशा झालेल्या माणसांसकट. बघताना जे नको ते पुढे ढकलतो. टाकत काहीच नाही. बायको म्हणते घरात जागा नाही. तिचंही बरोबर आहे.